मुक्कामी शिक्षक

शिक्षकांसाठी असलेले १० लक्ष डॉलरांचे जागतिक पारितोषिक वार्की प्रतिष्ठानाने २०१७ साली ज्या बाईंना दिले, त्या मॅगी मॅकडॉनेल कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील अगदी उत्तरेच्या सालुइट ह्या इनुइट लोकांच्या खेड्यात शिकवीत होत्या; आणि तेच पारितोषिक २०२० साली ज्यांना मिळाले, ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी नावाच्या लहानशा गावी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे; मॅकडॉनेलबाईंचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही. ते ऐकावे असे मला वाटते, कारण ज्या प्रश्नाशी त्यांची गाठ पडली तो प्रश्न आपल्या विदर्भाच्या पूर्व सीमेवरही तितकाच जिवंत आहे: जिथे जाण्यास सहसा कोणी राजी होत नाही, आणि गेलाच तर बदलीचा अर्ज खिशात घेऊन जातो, अशा ठिकाणी शिक्षकाने राहावे कसे, आणि त्याच्या राहण्याने वा न राहण्याने तिथल्या मुलांचे काय होते?

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कुहीकडून पाहता हा प्रश्न दूरचा नाही. नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाणारी, आमच्या तालुक्याला वर्षानुवर्षे ओळखीची असलेली नॅरोगेजची गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात मार्गाच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या नागभीडच्या पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो, आणि त्याच्या आग्नेय भागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून, भामरागड तालुका पसरलेला आहे. नागपूरपासून तो सुमारे साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या अंतरास आजच्या काळात प्रवास म्हणण्याचेही कारण नाही. परंतु नागपूर-भंडाऱ्याकडील शिक्षकी पेशाच्या कुटुंबांत त्या दिशेच्या नेमणुकीचा हुकूम आला की अजूनही ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ हेच शब्द तोंडी येतात. तेव्हा दुर्गमता ही केवळ किलोमीटरांनी मोजायची वस्तू नव्हे, हे आरंभीच मान्य करून मग उत्तरेकडे वळू.

सालुइट हडसनच्या सामुद्रधुनीच्या काठी, एका अरुंद खाडीच्या टोकाशी, सुमारे ६२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावरच्या हिशेबाने ते आर्क्टिक वृत्ताच्या, म्हणजे साडेसहासष्ट अंशांच्या, दक्षिणेसच पडते. पण वृक्षांची सीमा त्याच्या कितीतरी आधी संपलेली असल्यामुळे, आणि भूमी बारमाही गोठलेली असल्यामुळे, तिथल्या जीवनाचा सारा व्यवहार आर्क्टिकचाच आहे. वस्ती दीड हजारांच्या आसपास. बाहेरून येणारा रस्ता नाही, रूळ नाही. माणसे विमानाने येतात आणि जड सामान उन्हाळ्यात, समुद्र मोकळा असतो त्या थोड्या महिन्यांत, जहाजाने येते. हिवाळ्यात पारा उणे २५ ते उणे ४० अंशांपर्यंत उतरतो असे सहज लिहिले जाते, परंतु प्रत्यक्षात उणे ३९ अंशांच्या सुमारास पारा स्वतःच गोठून जातो, म्हणून अशा थंडीसाठीचे तापमापक अल्कोहोलचे असावे लागतात. कुहीच्या माणसाने मे महिन्यात ४५ अंश सोसलेले असतात. त्याला जर सालुइटच्या जानेवारीची कल्पना करावयाची झाली, तर आपल्या उन्हाळ्यापासून पाण्याच्या गोठणबिंदूपर्यंत जितके खाली उतरावे लागते, जवळजवळ तितकेच त्या बिंदूच्याही खाली पुन्हा उतरावे लागेल.

थंडीपेक्षाही नवख्या शिक्षकाला अधिक थकविणारी गोष्ट म्हणजे प्रकाश. आमच्याकडे सूर्य फारसा लहरी नाही: हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या वर आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा साडेतेरा तासांच्या आत, एवढाच काय तो फरक. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे उत्तरेकडे जाऊ लागावे तसा हा फरक वाढत जातो, आणि आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे तो आपल्या टोकाला पोचतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर ७१ अंशांवर उत्कियाग्विक नावाचे गाव आहे, ज्याला पूर्वी बॅरो म्हणत. तिथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मावळलेला सूर्य सुमारे ६५ दिवसांनी, जानेवारीच्या उत्तरार्धात, पुन्हा दिसतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत तो मावळतच नाही. ह्या दीर्घ रात्रीत अगदी काळोख असतो असे मात्र नव्हे. दुपारच्या सुमारास काही वेळ संधिप्रकाश येतो आणि बर्फावरून तो दूरवर परावर्तित होतो. पण डोळ्यांवाटे मेंदूला मिळणारी दिवस-रात्रीची सूचना अशा वेळी दुर्बळ होते, झोप आणणारे मेलॅटोनिन हे द्रव्य केव्हा स्रवावे ह्याचा शरीराचा हिशेब चुकू लागतो, आणि मनुष्य रात्री जागा व सकाळी मंद राहतो. उन्हाळ्यात उलट प्रकार: मध्यरात्रीही ऊन असल्याने मुले खेळत राहतात, शाळेत डुलक्या घेतात, आणि बाहेरून आलेला शिक्षक खिडक्यांना जाड काळे पडदे लावून रात्र निर्माण करण्याच्या खटपटीत असतो.

घराचा विषय थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण शिक्षक टिकतो की नाही हे बव्हंशी घरावर ठरते असे माझे मत आहे. बारमाही गोठलेल्या जमिनीवर आपण बांधतो तसा पाया घालून घर बांधले, तर घरातील उबेने खालचे बर्फ वितळते आणि घर खचते. म्हणून तिथली घरे खांबांवर किंवा खडीच्या भरावावर, जमिनीपासून उचलून बांधलेली असतात, म्हणजे खालून थंड वारा वाहत राहतो व जमीन गोठलेलीच राहते. त्याच कारणाने नळ व गटार जमिनीत पुरता येत नाहीत. बहुतेक वस्त्यांत प्रत्येक घरात पाण्याची एक टाकी व सांडपाण्याची दुसरी टाकी असते. एक टँकर येऊन पहिली भरतो आणि दुसरा टँकर येऊन दुसरी उपसतो. पुष्कळ घरांत अशी योजना केलेली असते की सांडपाण्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद पडावा. त्यामुळे हिमवादळ चालू राहून गाड्या आल्या नाहीत, तर टाकीत स्वच्छ पाणी असूनही नळाला येत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची सवय ज्या विदर्भीय गृहिणीला आहे, तिला ह्यातले पहिले अर्धे नवे वाटणार नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: अशा वस्त्यांत बाहेरून येणाऱ्या शिक्षकास राहण्यास घर देण्याची तजवीज शाळा-मंडळाने वा सरकारने बव्हंशी आधीच केलेली असते, कारण घराशिवाय त्या हवेत एक रात्रही काढता येत नाही हे सर्वांनाच मान्य आहे.

अन्नाची गोष्ट भामरागडच्या माणसास ताबडतोब समजेल. विमानाने आलेली भाजी व दूध फार महाग पडते, म्हणून जाणते शिक्षक पीठ, तांदूळ, डाळी, तेल, साबण हे वर्षाचे सामान उन्हाळ्यातच जहाजाने मागवून ठेवतात. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पावसाळ्यात पुनःपुन्हा रस्ता तोडतो, आणि म्हणून सरकारी यंत्रणा त्या भागातल्या दुकानांत पावसाळ्याआधीच धान्याचा साठा पोचविते, शाळेतला गुरुजीही आपली शिदोरी तशीच बांधतो. एकीकडे पाणी गोठल्याने वाट बंद होते, दुसरीकडे पाणी वाहू लागल्याने. साठवण्याची बुद्धी एकच. डाळ-तांदूळ खाणारा मराठी मनुष्य ह्या एका बाबतीत उत्तरेत अगदी सुखात राहू शकेल, कारण त्याचे मुख्य अन्न हे कोरडे व टिकाऊ आहे. ताजे मांस व मासे ह्यांचा तर तिथे गावातच पुरवठा असतो, सील, रेनडियर आणि आर्क्टिक चार नावाचा मासा, आणि शिकार वाटून घेण्याची रीत अशी पक्की की नव्या शिक्षकाच्या दारात कोणी मासा ठेवून गेले, तर ती एक सामाजिक स्वीकृती समजावी.

तथापि हवा, घर आणि अन्न ह्यांची सवय होते. ज्याची सवय आपोआप होत नाही, ते म्हणजे त्या लोकांच्या मनात शाळेविषयी काय साठलेले आहे ते. कॅनडात आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर नेऊन, त्यांची भाषा तोंडातून काढून टाकण्याच्या उद्देशाने चालविलेल्या निवासी शाळा शंभराहून अधिक वर्षे होत्या. त्यांत सुमारे दीड लक्ष मुले गेली, आणि त्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत क्षमा मागितली. आजच्या आजी-आजोबांपैकी अनेकजण त्या शाळांतले विद्यार्थी आहेत. ते नातवंडाला शाळेच्या दारापर्यंत आणून सोडतात, पण आत येत नाहीत. आणि नवा शिक्षक जर समजला की ह्या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही, तर त्याने त्या गावाविषयी पहिलाच निष्कर्ष चुकीचा काढला असे होते.

दुसरा एक प्रसंग मला कुहीत राहून विशेष जवळचा वाटतो. १९५३ व १९५५ साली कॅनडाच्या सरकारने हडसन उपसागराच्या काठच्या इनुकजुआक गावातील काही इनुइट कुटुंबे उचलून सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेस, ग्रीस फिओर्ड व रेझोल्यूट ह्या ठिकाणी नेऊन वसविली. दोन वर्षांनी परत आणू असे वचन दिले होते, ते पाळले गेले नाही. मूळ गावी हिवाळ्यातही रोज सूर्य उगवत असे. नव्या जागी महिनोन्‌महिने तो दिसेना, प्राणी निराळे, बर्फ निराळे, शिकारीचे ज्ञान निरुपयोगी. त्याबद्दल सरकारने १८ ऑगस्ट २०१० रोजी क्षमा मागितली. आमच्या तालुक्यात वैनगंगेवरच्या ज्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली, त्याचे पाणी गावोगाव चढत आले आणि गावे उठून पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. शेत, नदीचा घाट, देऊळ, शाळा सगळेच मागे राहिले. ह्या दोन घटना सारख्या आहेत असे मी म्हणत नाही, कारण कारणेही निराळी आणि मोबदल्याचा कायदाही निराळा. पण पुनर्वसित गावातल्या शाळेत ज्याने कधी शिकविले असेल, त्याला हे ठाऊक असते की वर्गातले मूल ‘माझे गाव’ ह्या विषयावर निबंध लिहिताना कोणत्या गावाचे वर्णन करावे म्हणून थबकते, आणि अशा वेळी बाहेरून आलेल्या शिक्षकाला त्या थबकण्याचे कारण माहीत असणे हे व्याकरणाच्या माहितीपेक्षा कमी मोलाचे नसते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अलास्कात एके काळी लहान खेड्यांतल्या मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी घर सोडून शेकडो मैल दूरच्या वसतिशाळांत जावे लागे. मॉली हूच ह्या मुलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यात १९७६ साली तडजोड होऊन १२६ खेड्यांत माध्यमिक शाळा काढण्याचे राज्याने मान्य केले. शाळा झाल्या, इमारती झाल्या, पण शिक्षक येईनात, आले ते टिकेनात. तिथल्या ग्रामीण शाळांतून दरवर्षी शिक्षक सोडून जाण्याचे प्रमाण शहरांच्या जवळजवळ दुप्पट भरते. अलीकडे ती उणीव भरून काढण्यासाठी अनेक शाळा-विभागांनी फिलिपीन्ससारख्या उष्ण देशातून शिक्षक आणले, आणि त्यांनी मोठ्या निष्ठेने काम केले. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांचा परवाना ठरावीक मुदतीचा, म्हणून मुदत संपली की पुन्हा तोच रिकामा वर्ग. सहावीच्या मुलाने पाच वर्षांत पाच शिक्षक पाहिले असतील, तर सहाव्याशी मन जोडण्याचे त्याने का कष्ट घ्यावेत? तो नव्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच विचारतो, तुम्ही पुढच्या वर्षी असणार का. भामरागड आणि शेजारच्या एटापल्लीच्या शाळांत हा प्रश्न उच्चारला जात नसेलही, पण मुलांच्या डोळ्यांत असतो.

मॅकडॉनेलबाईंचे श्रेय इथेच आहे. त्या सालुइटला सहा वर्षे राहिल्या, आणि त्या गावात तरुण मुलांच्या आत्महत्यांचे जे सत्र चालू होते त्यात वर्गातले बाक रिकामे होताना पाहूनही राहिल्या. त्यांनी मुलांचा धावण्याचा गट काढला, गावात व्यायामशाळा उभी केली, सामुदायिक स्वयंपाकघर चालविले, आणि पारितोषिक घ्यायला दुबईला जाताना आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर नेले. ह्यातले एकही काम अभ्यासक्रमात नाही. आणि ह्यातले एकही काम जो शिक्षक पुढच्या जूनमध्ये निघून जाणार आहे, तो हाती घेणार नाही.

आपल्याकडे शासनाने ह्या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांस एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा शासन निर्णय ६ ऑगस्ट २००२ चा आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली-धोरणाने जिल्हा परिषदेच्या शाळांची ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशी क्षेत्रवार विभागणी केली, आणि अवघड क्षेत्रात सलग ३ वर्षे काढणाऱ्या शिक्षकास बदली मागण्याचा अधिकार दिला. हेतू न्यायाचा होता: ओझे सर्वांनी वाटून घ्यावे. पण परिणाम असा की अवघड क्षेत्र ही मुदत भरण्याची जागा झाली; तिथला शिक्षक रुजू होतो त्या दिवसापासून तीन वर्षे मोजू लागतो, आणि नियमच त्याला मोजायला शिकवितो. इकडे मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला जातो, पण ज्या गावात भाड्याने देण्याजोगी एक खोलीही नाही त्या गावी मुक्काम करावयाचा कोठे, ह्याचे उत्तर त्या कागदात नाही. परिणामी विदर्भभर ‘अप-डाऊन’ हा शब्द शिक्षकी जीवनाचा भाग होऊन बसला आहे. माझे स्पष्ट मत असे की आधी राहण्याजोगे शासकीय निवासस्थान द्यावे, त्यात पाणी व वीज द्यावी, आणि मगच मुक्कामाचा नियम लावावा. उत्तरेकडचे थंड देश जी गोष्ट नाइलाजाने शिकले, ती आपण विचाराने शिकावी.

घर झाले तरी भाषा राहतेच. इनुइट वस्त्यांतल्या पहिल्याच दिवशी नव्या शिक्षकाची एक फजिती ठरलेली असते: तो मुलाला प्रश्न विचारतो, मूल गप्प राहते, तो पुन्हा विचारतो, मूल पुन्हा गप्प, आणि मुलाने पहिल्याच वेळी भुवया उंचावून ‘हो’ म्हटलेले असते. नाकाला सुरकुती घातली तर ते ‘नाही’. बोलणे हेच उत्तर असे मानणाऱ्या माणसाला मूल उत्तर देत नाही असे वाटते, आणि मुलाला मास्तर ऐकत नाही असे वाटते. भामरागडच्या माडिया आदिवासी मुलाची स्थिती ह्याहून वेगळी नाही. त्याची भाषा द्राविडी कुळातली, पुस्तकाची मराठी आर्य कुळातली. पहिलीच्या वर्गात तो मंद ठरतो तो मंद आहे म्हणून नव्हे. बाबा आमटे ह्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी त्याच तालुक्यातल्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ साली तिथे आश्रमशाळा निघाली, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे, डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी ह्यांना दवाखान्यासाठी जशी माडिया शिकावी लागली तशीच शाळेसाठीही. त्या कार्याबद्दल ह्या दाम्पत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे; पण मला त्यात सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते हे की ती माणसे तिथून परत आली नाहीत, आणि त्यामुळे आजारी पडलेल्या मुलाचे आईबाप ज्या माणसाला ओळखत होते, त्याच माणसाच्या शाळेत त्यांनी दुसरे मूल घातले.

अर्थात प्रत्येक खेड्याला जन्मभर राहणारा बाहेरचा शिक्षक मिळणार नाही, आणि मिळावा अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. शिक्षकालाही आईबाप असतात, मुलांची शाळा असते, प्रकृती असते. म्हणून शेवटी तिथलेच मूल तिथला शिक्षक झाल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, ह्या निर्णयाला दोन्हीकडचे लोक आपापल्या वाटेने पोचले आहेत. कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये इनुइट शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम १९७९ साली सुरू झाला, आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनाव्हुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आल्यावर तो तिथल्या आर्क्टिक महाविद्यालयात चालू राहिला. तरीही २५ वस्त्यांच्या त्या विस्तीर्ण प्रदेशात इनुइट भाषेत शिकविणारे शिक्षक पुरेनात, म्हणून सर्व इयत्तांत मातृभाषेतून शिक्षण देण्याची जी मुदत पूर्वी ठरली होती, ती २०२० साली कायदा बदलून २०३९ पर्यंत लांबविण्यात आली. महाराष्ट्रात राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकपदासह अनेक पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतूनच भरावीत असे ठरविले. त्यावरून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या मधल्या काळात निवड झालेले कितीतरी आदिवासी तरुण नियुक्तिपत्राची वाट पाहत राहिले. त्यांच्यापैकी जे पुढे शाळांवर रुजू झाले, त्यांना पहिलीच्या मुलाशी बोलण्यासाठी दुभाष्याची गरज लागत नाही, आणि सुटीत जाण्यासाठी त्यांचे गाव त्याच तालुक्यात असते.